सोनार, चोर आणि माझी फुगलेली बॅटरी

काल रात्री कट्ट्यावर विषय निघाला तो माझ्या मोबाईलवरनं, बॅटरी फुगून टम्म आणि मागचं कव्हर उचकटलेलं. अल्ताफ रिपेअरिंग करतो, तो म्हणाला दुकानात आण, बदलून देतो, तर मंद्या लगेच, "सोड रे, नवा घे ना ईएमआयवर." आणि मी उगाच तोंड उघडलं. म्हटलं, या बॅटरीत कोबाल्ट असतो आणि जगातला 70 टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट एकट्या काँगोतनं निघतो, तिथं कोलवेझीकडं माणसं, बारकी पोरंसुद्धा, हातानं बिळं खणून दगड उपसतात, बीळ ढासळलं की आतला आतच.

"मग मी काय करू? मी सांगितलं का खणायला? कंपनीला विचार," मंद्या म्हणाला.

विचारलं की! 2019 च्या डिसेंबरात मेलेल्या, जायबंदी झालेल्या पोरांच्या घरच्यांनी अमेरिकेत ॲपल, गूगल, डेल, मायक्रोसॉफ्ट, टेस्ला या पाचांवर केस टाकली. 2024 ला वरच्या कोर्टानंपण फेटाळली, का तर सप्लाय चेनमधनं माल विकत घेतला म्हणून कोणी त्या धंद्यातला भागीदार होत नाही.

"बरोबरच आहे," सच्या म्हणाला (यानं एलएलबी दोनदा अर्धवट सोडलंय). मी म्हटलं, मग चोरीचं मंगळसूत्र घेणाऱ्या सोनाराला पोलीस का उचलतात, त्यानंपण नुसता मालच घेतलेला असतो ना?

"सोनाराला चोर समोर दिसतो. इथं हातानं खणलेला दगड डेपोवाला घेतो, तो पुढं विकतो, शेवटी जातो रिफायनरीत, त्या बहुतेक चीनमध्ये, तिथं मशिनच्या मालात एकदा मिसळला की कुठला कण कोणाच्या हातचा, सांग बरं."

आता हे ऐकायला भारी वाटतं, पण ज्या कंपन्या एकेका स्क्रूचा भाव पैशापैशानं पाडून घेतात त्यांना दगड कुठनं येतो तेवढंच नेमकं कळत नाही होय?

अल्ताफनं मात्र मला गप्प केलं. म्हणे 2010 ला अमेरिकेनं कायदा केलाच होता, की माल काँगोकडचा आहे का ते कंपन्यांनी तपासून जाहीर करायचं, पण टिन, टँटलम, टंगस्टन, सोनं, या चार धातूंसाठीच, कोबाल्ट त्यात नाहीच. झालं काय, काँगोचा माल म्हटलं की गिऱ्हाईकच पळायला लागलं, त्यात तिथल्या सरकारनं त्याच वर्षी पूर्वेकडच्या खाणी काही महिने बंद ठेवल्या, आणि उपाशी कोण, तर खणणारेच. "माल बंद करून नाही भागत भावा. एक फोन जास्त वर्षं चालव. आधी बॅटरी नखानं निघायची, आता गोंदानं चिकटवतात, गरम केल्याशिवाय सुटत नाही, ते काय उगाच का?"

हे पटलं. मग मी सहज विचारलं, ही फुगलेली काढलीस की टाकतोस कुठं?

"भंगारवाला नेतो. पुढं तो काय करतो मला काय माहीत."

सच्या असला हसला की टपरीवाल्यानं वळून बघितलं.