मावशी, हा कॉल रेकॉर्ड होत आहे

कंपनीचा फोन आला की आधी मधाळ आवाज येतो: 'प्रशिक्षण व गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो.' मग 'फक्त खात्रीसाठी' तुमची जन्मतारीख विचारली जाते, आणि तुम्ही ती लोकलच्या डब्यात खणखणीत आवाजात सांगता. दवंडी पिटली की गोपनीयता राखली गेली, असा हा साधा नियम. त्याचा फायदा एकट्या कंपन्यांनीच का घ्यावा? तुम्हीही घ्या. सुरुवात मावशीपासून करा.

आळशी माणसाला गूगलचं फोन अ‍ॅप पुरे. कॉल चालू असताना रेकॉर्डचं बटण दाबलं की दोन्हीकडे घोषणा ऐकू जाते. आयफोनवरही आयओएस 18.1 पासून ही सोय आहे. पलीकडच्याला 'चालेल का?' असं कुणी विचारत नाही. नको असेल तर त्याने फोन ठेवावा. संमती संमती म्हणतात ती हीच.

पण स्वतःच्या शब्दांतली घोषणा हवी असेल तर ती दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून कॉलच्या वेळी वाजवा, कारण अँड्रॉइड साध्यासुध्या अ‍ॅपला चालू कॉलमध्ये आवाज घुसवू देत नाही. घोषणा 10 सेकंदांची पुरे. मागे सनई नको. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झचाच आवाज पलीकडे जातो, त्यामुळे सनई निघते ती डास होऊन पोचते. दुसरा फोन कॉलवाल्या फोनच्या खालच्या माइकजवळ धरा. बऱ्याच फोनना वरच्या कडेलाही एक माइक असतो, तो आजूबाजूचा गोंगाट ओळखण्यासाठी. तिथे धरलात तर तुमचं गोपनीयता धोरण कुकरच्या शिटीबरोबर पुसलं जाईल.

'सहमत असल्यास एक दाबा' एवढं मात्र घालू नका. मावशी आज्ञाधारक आहे, ती दाबेल. 697 आणि 1209 हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतील आणि ते ओळखणारं यंत्र तुमच्याकडे नाही. ती पुन्हा दाबेल. मग जोरात दाबेल.

आणि घोषणा बाईच्या आवाजात ठेवली असेल, नि तुम्ही एकटे राहत असाल, तर पुढचा प्रश्न ठरलेला: "कोण रे ती?" उत्तर द्यायची घाई करू नका. मावशीचा फोन स्पीकरवर आहे.