चौकटीचे घनफूट

दाराच्या चौकटीला किती लाकूड लागेल, हे काढायला चौथीचे गणित पुरते, असे माझे मत होते आणि गणितापुरते ते आजही आहे. मुख्य दार सात फूट उंच, तीन फूट रुंद. दोन उभे खांब सात-सात फुटांचे, तर गणेशपट्टी, म्हणजे वरची आडवी पट्टी, आणि उंबरठा दोन्हीकडे तीन-तीन इंच भिंतीत जाणार म्हणून साडेतीन-साडेतीन फुटांचे, असे एकूण २१ फूट. लाकूड ५ इंच बाय ३ इंच, म्हणजे २१ गुणिले १५ भागिले १४४, बरोबर २.१९ घनफूट सागवान.

वखारीच्या मालकांनी हा आकडा शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "रंधा मारण्याआधीचे माप की नंतरचे?" रंध्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच जाते, तेव्हा लाकूड सव्वापाच बाय सव्वातीन घ्यावे लागते आणि २.१९ चे २.४९ होतात. सागवानाच्या भावाने भुसा विकत घेण्याचा हा प्रकार मी निमूटपणे मान्य केला.

खरी परीक्षा पुढे होती. वखारीत शिल्लक नग होते दहा फुटी. सात फुटांचा खांब आणि साडेतीन फुटांची पट्टी मिळून साडेदहा फूट भरतात, त्यामुळे एका नगात दोन्ही बसत नाहीत आणि केवळ सहा इंचांसाठी तिसरा नग घ्यावा लागतो. मी वही पुढे केली तेव्हा सुतारमामा अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "साहेब, बेरीज बरोबर आहे, पण लाकडाला बेरीज येत नाही." प्रत्येक नगातून उरलेला तीन फुटांचा तुकडा पाहून नातेवाइकांना मात्र आपापल्या घरातील अपुऱ्या पाटांची आठवण झाली.

खिडक्यांना ॲल्युमिनियम घेतले, कारण त्याला रंधा लागत नाही. परंतु गवंड्याने सोडलेली जागा वर चार फूट, तर खाली चार फूट तीन सूत निघाली. अशा वेळी लहान माप धरायचे आणि उरलेली फट सिलिकॉनने भरायची असते. ते सिलिकॉन माझ्या वहीत कोणत्याच रकान्यात नव्हते. शिवाय खिडकीवाल्याची टेप आणि सुतारमामांची टेप यांच्यात एका सुताचा फरक आहे. कोणाची खरी, हे दोघांनी आपसांत ठरवावे, असे मी सुचवले. तोवर गवंड्याने त्याच भिंतीला गिलावा सुरू केला होता.