तास आमचे कापायचे आणि दारावर भरतीची पाटी लावायची?

धंदा मंदावलाय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी त्याच मजल्यावर उभी असते. मंगळवारी दुपारी अख्ख्या विभागात दोन गिऱ्हाइकं असतात आणि त्यातलं एक परत करायला आलेलं असतं, हे मला मॅनेजरच्या आधी दिसतं. लोक घरी बसून ऑनलाइन मागवतात, मॉलमधल्या कितीतरी दुकानांची शटर कायमची खाली गेलीत, सगळं मान्य. पण मग एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. विक्री नाही म्हणून माझे आठवड्याचे २८ तास तुम्ही १२ वर आणता आणि त्याच महिन्यात चार नवीन माणसं कामाला घेता? वर दाराच्या काचेवर ‘नाऊ हायरिंग’ची पाटी तशीच? पैसे नाहीत, तर ही चार माणसं कशाच्या जिवावर घेतली?

मी न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीतल्या एका मॉलमधल्या मोठ्या कपड्यांच्या दुकानात काम करते. दुकानाचं नाव घेत नाही, कारण मला अजून तिथेच काम करायचंय. इथे रिटेलमध्ये राबलेल्या कुणाशीही पाच मिनिटं बोला, हेच ऐकायला मिळेल.

भारतातल्या माझ्या मैत्रिणींना वाटतं, नोकरी आहे म्हणजे महिन्याचा पगार ठरलेला असणार. तसं नसतं हो. इथे दुकानातल्या बहुतेकांना ताशी पैसे मिळतात. तास मिळाले तर पगार, नाहीतर नुसतं नावाला नोकरीत. नोकरीवरून कुणी काढत नाही, पत्र नाही, मीटिंग नाही. फक्त गुरुवारी संध्याकाळी ॲपवर पुढच्या आठवड्याचं शेड्यूल लागतं आणि त्यात तुमच्या नावापुढे चारऐवजी दोन शिफ्टा दिसतात. बारा तास! कर कापून हातात दोनशे डॉलरही पडत नाहीत त्याचे. त्यात गाडीचं पेट्रोल गेलं, शाळेनंतर मुलाला सांभाळणारीचे गेले. उरलं काय?

हे तास कुठून येतात तेही सांगते, कारण मॅनेजर नेहमी हात वर करते की ‘माझ्या हातात काही नाही’. अर्धं खरं आहे ते. वरून, मुख्य ऑफिसातून, दर आठवड्याला दुकानाला तासांचा कोटा ठरून येतो. मागच्या वर्षी याच आठवड्यात विक्री किती होती, यंदाचा अंदाज किती, त्यावरून सॉफ्टवेअर सांगतं की तुम्हाला एवढे तास, त्यापलीकडे एक मिनिट नाही. ज्यांनी आयुष्यात कधी शनिवारी फिटिंग रूमसमोरचा कपड्यांचा ढीग उचलला नाही, ते उंटावरून शेळ्या हाकतात. पण कोटा ठरल्यावर तो किती जणांत वाटायचा, हे ठरवणारे तर तुम्हीच ना? भाकऱ्या तेवढ्याच ठेवून पानं वाढवत गेलात, तर प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर येणार, हे कळायला कुठलं सॉफ्टवेअर लागतं?

त्यांना कळतं. चांगलं कळतं. म्हणून तर राग येतो. हा गोंधळ असता, ढिसाळपणा असता तर मी सोडून दिलं असतं.

पहिली गोष्ट त्यांच्या सोयीची. आठवड्याला बारा-बारा तासांची दहा माणसं ठेवली की शनिवारी दुपारच्या गर्दीला दहाच्या दहा बोलावता येतात आणि मंगळवारी दोघांवर भागतं. ओव्हरटाइम कुणाचाच लागत नाही. एक आजारी पडला तर नऊ जणांना मेसेज टाकायचा, तासांना हपापलेले नऊही जण लगेच ‘येते’ म्हणणार. हपापलेली माणसं हवीच असतात त्यांना. पोट भरलेला माणूस ‘आज जमणार नाही’ म्हणू शकतो.

दुसरी गोष्ट आरोग्यविम्याची. ‘ओबामाकेअर’ म्हणतात त्या २०१० च्या कायद्याने, पूर्णवेळ ५० कर्मचाऱ्यांइतका पसारा असलेल्या कंपनीला आठवड्याला सरासरी ३० तास किंवा महिन्याला १३० तास काम करणाऱ्यांना विमा देऊ करावा लागतो, नाहीतर दंड. कायदा चांगल्या हेतूने आला. पण तेव्हापासून ३० हा आकडा दुकानदारांच्या डोक्यात जाऊन बसलाय. आमच्या बुटांच्या विभागात एक पेरू देशातली बाई आहे, साठीला आलेली, दुकानात सगळ्यांत जुनी. गिऱ्हाइकाच्या पायाकडे नुसतं बघून माप सांगते. गिऱ्हाइकं तिचं नाव घेऊन विचारत येतात, ती आज आहे का म्हणून. तिला वर्षानुवर्षं बत्तीस-तेहतीस तास मिळायचे. गेल्या वर्षी ते हळूहळू उतरवले. आधी एकोणतीस, मग पंचवीस, मग वीस. वर्षाची सरासरी तिसाच्या खाली गेली आणि तिचा विमा गेला. मधुमेह आहे तिला. ब्रेक रूममध्ये बसून ती इन्शुलिनच्या बिलाचा कागद मला दाखवत होती, आणि मागच्या भिंतीवर कागद चिकटवलेला होता : ‘तुमच्या मित्रमैत्रिणींना आमच्याकडे नोकरीला पाठवा आणि बक्षीस मिळवा!’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला द्यायला तास नाहीत आणि नवीन माणूस आणून देणाऱ्याला बक्षीस द्यायला पैसे आहेत?

तिसरी गोष्ट राजीनाम्याची. कामावरून काढलं तर माणूस बेकारभत्ता मागू शकतो. एकदम पन्नास जणांना काढलं तर न्यू जर्सीत कंपनीला ९० दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावा लागतो. हा कायदा कसा आला माहितीये? ‘टॉइज आर अस’ ही इथल्याच वेन गावची खेळण्यांच्या दुकानांची कंपनी. २००५ साली गुंतवणूकदारांनी ती विकत घेतली ती तिच्याच डोक्यावर अब्जावधींचं कर्ज चढवून. २०१८ मध्ये दुकानं बंद झाली तेव्हा हजारो कामगारांच्या हातावर भरपाईचा एक डॉलर ठेवायला कंपनी तयार नव्हती. वीस-वीस, तीस-तीस वर्षं काढलेल्या बायका त्यात होत्या. त्या रस्त्यावर उतरल्या, राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनपर्यंत गेल्या, म्हणून २०२० च्या जानेवारीत कायद्यावर सही झाली. तो लागू व्हायला २०२३ चा एप्रिल उजाडला. त्याच एप्रिलमध्ये आपल्या युनियन गावची, घरसामान विकणारी ‘बेड बाथ अँड बियाँड’ दिवाळखोरीत गेली.

पण बारा तासांना कंटाळून स्वतःहून सोडून गेलेली बाई या हिशेबात कुठेच येत नाही. तिला नोटीस नाही, आठवड्याचा पगार नाही, बेकारभत्ता मागायला गेली तर ‘तूच सोडलीस ना?’ ऐकायचं. तास उतरवत न्यायचे, माणूस आपोआप गळतो, आणि कंपनीच्या कागदावर डाग नाही. जुन्या माणसाचा ताशी दर दोन-तीन डॉलरने जास्त असतो, त्याच्या जागी किमान वेतनावरचा नवा येतो. न्यू जर्सीत ते वेतन २०२४ साली ताशी १५ डॉलरच्या वर गेलं, तेव्हापासून दर वर्षी थोडं वाढतं. म्हणजे आम्ही कित्येक वर्षांत सेंट-सेंट करून मिळवलेली वाढ हाच आमचा गुन्हा.

बरं, नवीन आलेल्यांचं तरी भलं होतं का? गेल्या महिन्यात एका मुलीला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कॉलेजात जाणारी, हैदराबादकडच्या घरातली, हुशार पोरगी. तिला मी सगळं शिकवलं. चुकलेलं बिल रद्द कसं करायचं, चोरी होऊ नये म्हणून लावलेला शाईचा टॅग काढताना कपडा कसा धरायचा म्हणजे फाटत नाही, फिटिंग रूममधले गो-बॅक, म्हणजे गिऱ्हाइकांनी न घेता टाकलेले कपडे, विभागवार लावून मगच मजल्यावर कसे न्यायचे, दुकानाचं क्रेडिट कार्ड घ्यायला गिऱ्हाइकाने दोनदा नाही म्हटल्यावर गप्प का बसायचं. पुढच्या गुरुवारी शेड्यूल लागलं आणि माझा शनिवार तिच्या नावावर. मला त्या पोरीचा राग नाही आला, येणारही नाही. तीच रडवेली होऊन म्हणाली, ‘‘आंटी, मला इंटरव्ह्यूत वीस-पंचवीस तास सांगितले होते, आणि मला आठच मिळालेत.’’ आठ तास! फी भरायला म्हणून आली होती ती. हे सरळ खोटं बोलणं आहे. तोंडाला पानं पुसायची आणि पोरं कंटाळून निघून गेली की परत म्हणायचं, ‘आजकाल कुणाला कामच करायचं नाही.’ कुणाला नकोय काम? आम्ही तास मागून मागून थकलो!

दुसरी नोकरी धरा, असं सांगणारे खूप भेटतात. त्यांनी ‘अव्हेलेबिलिटी’ काय असते ते आधी समजून घ्यावं. मी कुठल्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत येऊ शकते, हे मला ॲपमध्ये भरून द्यावं लागतं. सगळे दिवस मोकळे ठेवले तर बारा तास मिळतात. मंगळवार-गुरुवार दुसरीकडे काम धरून तेवढेच दोन दिवस बंद केले, तर इथले बाराचे सहा होतात. म्हणजे पैसे देणार बारा तासांचे आणि बांधून ठेवणार सातही दिवस. डॉक्टरची वेळ घेता येत नाही, मुलाच्या शाळेत येते म्हणून कबूल करता येत नाही. कधी रात्री दहाला दुकान बंद करून, मजला आवरून घरी यायचं आणि सकाळी आठला परत हजर. आजारपणाच्या रजेचंही तेच. इथल्या कायद्याने ३० तास काम केलं की एक तास रजा जमते. बारा तासांच्या हिशेबाने एक तास आजारी पडायला मला अडीच आठवडे राबावं लागतं.

आणि आपल्या लोकांचंही एकदा बोलूनच टाकते. ‘तुला कशाला हवीये ती नोकरी, नवऱ्याचा पगार आहे की’, हे मला मंडळाच्या कार्यक्रमात साडी नेसून उभ्या असलेल्या शिकल्यासवरल्या बायका सांगतात. मी पुण्यात बँकेत होते. इथे आल्यावर वर्षानुवर्षं कामाचा परवाना नव्हता, तो मिळाला तेव्हा बायोडेटावरची ती पोकळी बघून कुणी दारात उभं केलं नाही. ही नोकरी माझी आहे, हे पैसे माझे आहेत. आणि माझ्या घरी दुसरा पगार आहे म्हणून त्या पेरूच्या बाईच्या घरी आहे का? आपल्यातलेच कितीजण अशा कंपन्यांच्या आयटीत बसून हीच तासवाटपाची सॉफ्टवेअरं सांभाळतात. शनिवारी त्यांच्याच घरी जेवायला गेलं की ‘एफिशियन्सी’ किती वाढली ते ऐकायला मिळतं. तुमच्या त्या तक्त्यात वाचवलेला प्रत्येक तास कुणाच्या तरी घरभाड्यातून आलेला असतो, एवढं तरी लक्षात ठेवा.

यावर उपाय नाही असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्येच मोठ्या साखळी दुकानांना सांगितलं की नवीन माणूस घ्यायच्या आधी ते जास्तीचे तास आहेत त्या अर्धवेळ माणसांना विचारा. सिअ‍ॅटलने २०१७ मध्ये केलं. लॉस एंजेलिसमध्ये २०२३ पासून मोठ्या रिटेल कंपन्यांना बाहेरचा माणूस घेण्याआधी ७२ तास आतल्यांना संधी द्यावी लागते. काय बुडालं तिथलं? हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरात गेलं, तर तिथे २०१७ पासून रिटेलवाल्यांना निदान ७२ तास आधी शेड्यूल द्यावं लागतं आणि ऐनवेळी शिफ्ट रद्द करता येत नाही. आणि आमच्याकडे? सकाळी डबा भरून, कपडे करून निघायच्या बेतात असताना मेसेज येतो, ‘आज येऊ नकोस, स्लो आहे.’ नदीच्या या काठावर राहतो म्हणून आमच्या दिवसाला किंमत नाही का?

‘कंपनी वाचली तर तुम्ही वाचाल’ हे पालुपद मला पुन्हा ऐकायचं नाही. मजल्यावर माणूस नसतो म्हणून गिऱ्हाईक आकाराची चौकशी करायला दहा मिनिटं शोधत फिरतं आणि वैतागून निघून जातं. रजिस्टर दोनच चालू, रांग पार परफ्यूमच्या काउंटरपर्यंत. बूट विकणाऱ्या त्या बाईला घरी बसवलं आणि तिच्या जागी आठ तासांत काय शिकेल ते शिकलेली पोरगी उभी केली, मग विक्री पडली तर दोष कुणाचा? पडलेली विक्री दाखवून पुन्हा तास कापणार, पुन्हा माणसं नवी घेणार. आमच्या पोटावर पाय देऊन दुकान वर येत नाही, हे त्यांना अजून कळायचंय.

माझ्यासारख्या ज्या कुणी हे वाचत असतील त्यांना सांगते. दर गुरुवारी शेड्यूलचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, जुनी आणि नवी दोन्ही. ‘मी जास्त तास करायला तयार आहे’ हे तोंडी सांगू नका, मॅनेजरला लिहून पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. तास कापले गेले तर न्यू जर्सीत अंशतः बेकारभत्ता मागता येतो, नोकरीवर असतानाही. आपल्यातल्या निम्म्या बायका लाजेने अर्जच करत नाहीत. लाज कंपनीला वाटू दे, अर्ज करा. आणि कितीही चिडलात, कितीही रडू आलं तरी राजीनामा लिहून देऊ नका. त्यांना नेमका तोच हवाय. काढायचं असेल तर काढू दे, त्यांच्या कागदावर, त्यांच्या सहीने.