तिथीची पाऊणपट

मार्च लागला की नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक पक्षीवेड्याला एक फोन ठरलेला: "रविवारी सकाळी येतोय सगळे, फ्लेमिंगो दाखव." डोंबिवलीच्या भाऊजींना वाटतं, सीवूड्सच्या तळ्यावर फ्लेमिंगो दहा ते पाच ड्युटीवर असतात. त्यांना नाही कसं म्हणायचं, हे कुठल्याच पक्षी-पुस्तकात दिलेलं नाही.

खरं तर उत्तर दिनदर्शिकेत आहे. जुना किनारपट्टीचा हिशोब: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला हिशोबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. खाडीत आतवर शिरायला पाण्याला आणखी थोडा वेळ लागतो, तेवढी सूट द्यायची. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, तिकडे दूरवर पांगून चरतात. काठावरून दिसते ती फक्त एक गुलाबी रेघ. चिखल पाण्याखाली गेला की ते उठतात आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत नाहीतर सीवूड्सच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्यात येऊन एका पायावर विसावतात. म्हणून भरतीच्या दोन तास आधी जागेवर हजर राहायचं. पाणी त्यांना आपल्याकडे ढकलत आणतं, आपण चिखलात उतरायची गरज नाही. (उतरूही नये. एक चप्पल खाडीला अर्पण होतेच.)

मग अष्टमीला जावं, सहाची भरती, हवाही गार? नाही. अष्टमीला भांग, म्हणजे कमजोर भरती. पाणी अर्धवट चढतं, चिखल पुरता बुडत नाही आणि पक्षी तिकडेच राहतात. पौर्णिमेला उधाण जोरदार, पण ऐन बारा वाजता. हवा तापून अशी थरथरते की साठपट मोठं दाखवणाऱ्या स्पॉटिंग स्कोपमधून साठपट मोठी थरथर दिसते. तृतीयेची भरती सव्वादोनची, म्हणजे सूर्य पश्चिमेला कलू लागलेला. नवी मुंबईच्या काठावरून खाडीही पश्चिमेलाच, तेव्हा सगळे पक्षी काळे. दुपारनंतरच जमत असेल त्यांनी पलीकडच्या भांडुपच्या काठावर जावं. उरल्या एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. पंधरवड्यात तीन सकाळी, त्यातली एक रविवारी पडावी ही अपेक्षा. एकादशी पडली तर डब्यात साबुदाण्याची खिचडी न्यावी. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते तीही भरती बघूनच, तेव्हा आधी वेळ विचारल्याशिवाय चार मुलं आणि आजी घेऊन निघू नये.

समजा, सगळं जुळलं. पाहुणे दहा मिनिटं "वा!" म्हणतात. तेवढ्यात दोन जाती दाखवून घ्याव्यात: उंच, फिकट, गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं तो मोठा रोहित, बुटका, जास्त गुलाबी, अख्खी चोच लांबून काळपट दिसते तो छोटा. राखाडी दिसतात ती पिल्लं, "हा आजारी आहे का हो?" याचं उत्तर आधीच देऊन टाकावं.

यानंतर खरी परीक्षा. एप्रिलचा खरा माल रोहितांच्या पायाशी असतो: चिमुकले, तपकिरी धावरे (चिखलात धावत टिपणारे 'वेडर' पक्षी), शेकड्यांनी. हिवाळाभर इथे खाऊन फुगलेले, आता उत्तरेकडे निघायच्या तयारीतले. कर्ल्यू सँडपायपरला सैबेरियाच्या आर्क्टिक किनाऱ्यापर्यंत जायचंय. त्यासाठी तो अंगावर चरबी चढवतो आणि विटकरी रंगही. पण रंग एका रात्रीत चढत नाही. मार्चअखेरीस तो अर्धा राखाडी, अर्धा विटकरी, पोपडे निघालेल्या भिंतीसारखा दिसतो आणि पुस्तकातल्या दोन्ही चित्रांशी जुळत नाही. लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट ओळखायचे पायांवरून, पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळसर. पाय चिखलात. चिखल काळा. म्हणजे ठाणे खाडीत सगळे स्टिंट लिटलच.

त्यात तज्ज्ञांचा हातभार. वर्षानुवर्षं पाठ केलेल्या लेसर सँड प्लोव्हर या धावऱ्याचे दोन तुकडे झाले, एका जातीच्या दोन जाती. आपल्याकडचा बहुतेक आता तिबेटन सँड प्लोव्हर. पक्षी तोच, चिखल तोच, यादी नवी.

पक्षी दुसऱ्याला दाखवणं हा तर स्वतंत्र छळ. "डावीकडून चौथा." "तो उडाला ना?" "मग आता तिसरा." खांब, तिवराचं झुडूप, बाटली असं न हलणारं काहीतरी आधी धरावं आणि तिथून हातभर उजवीकडे असं सांगावं. बाटल्या मुबलक आहेत, ती अडचण नाही. दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. दहापट घेतली तर हाताची थरथरही दहापट. उसनी देताना मात्र धडा द्यावा: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या भिंगावरची कडी फिरवा. चष्मेवाल्यांनी रबरी कडा आत ढकलाव्या. एवढं होईपर्यंत पक्षी गुजरातेत पोचलेला असतो आणि भाऊजी म्हणतात, "धूसर दिसतंय, स्वस्तातली आहे का?"

शेवटी "किती होते?" हा प्रश्न येतोच. दहा पक्षी मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा, तशा दहा तुकड्या म्हणजे शंभर, आणि शंभराच्या मापाने सगळा थवा मापा. दोघांनी वेगवेगळं मोजून मगच आकडे सांगावेत, नाहीतर दुसरा पहिल्याच्या आकड्यात दोनशे वाढवतो. थवा मध्येच उठला की पुन्हा दहापासून.

खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेली. भरतीला पक्षी जिथे येऊन बसतात ती तळी मात्र अभयारण्याच्या रेषेबाहेर. त्यांत भरतीचं पाणी आणणारी वाट बुजली की तळं सुकतं, आणि मग तिथीचा हिशोब कितीही अचूक असो, समोर भेगाळलेला चिखल आणि त्यावर कावळे.

मेच्या मध्यापर्यंत बहुतेक धावरे निघून जातात. मागे राहतात ती गेल्या वर्षीची पोरं, वीण करायचं वय न झालेली. त्यांना विटकरी रंग चढत नाही. ती तपकिरी, पाय चिखलात, आणि जूनमध्ये छत्री धरून दुर्बीण कशी फिरवायची ते ज्याचं त्याने बघावं.