क्लब मालकाचा, मग आपण कोण?

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. पुणेकरांनी तरी तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. तिथल्या चाहत्यांच्या संतापाचा एक धागा थेट आपल्या शहरापर्यंत येतो.

ब्लॅकबर्न रोव्हर्स. स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांपैकी एक, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. गाव म्हणजे लँकशरमधलं जुनं गिरणगाव. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या, कोंबड्यांच्या धंद्यातल्या वेंकीजने घेतला. महिन्याच्या आत सॅम अलर्डाइससारख्या मुरलेल्या मॅनेजरला घरी पाठवलं. दीड वर्षात क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. ज्या सामन्यात ते नक्की झालं, तो ७ मे २०१२ चा, घरच्याच मैदानावर, विगनविरुद्ध. त्या दिवशी कुणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभर तो व्हिडिओ हसत हसत फिरला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पिढ्यान् पिढ्या एकाच स्टँडमध्ये बसणाऱ्या माणसांना आपलं म्हणणं मालकाच्या कानावर घालण्यासाठी कोंबडी आणावी लागते, कारण दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो.

मालकांनी इतकी वर्षं तोटा भरला, हे खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण पैसे ओतले म्हणजे जाब देण्यातून सुटका झाली असं होत नाही. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. तिथून वर आला, पण २०२५ मध्ये महिला संघाने दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून माघार घेतली. त्या मुलींना किंवा त्यांच्या चाहत्यांना त्यात मत होतं का? नव्हतं.

‘बरी’ या दुसऱ्या इंग्लिश क्लबचं तर त्याहून वाईट झालं. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पौंडाला विकला गेला. पुढच्या मे महिन्यापर्यंत संघाने वरच्या श्रेणीत बढती मिळवली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लबलाच लीगमधून काढून टाकलं. खेळाडूंनी कमावलं, हिशेबाच्या वह्यांनी घालवलं. नव्या मालकाकडे क्लब चालवण्याइतके पैसे आहेत का, हे विक्रीच्या आधी कुणी धड तपासलंच नव्हतं. मग एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडच्या सहा बड्या क्लबांनी युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या ‘सुपर लीग’मध्ये जायचा घाट घातला, चाहते रस्त्यावर उतरले, दोन दिवसांत तो बेत कोसळला. त्यानंतर माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी चाहत्यांना सोबत घेऊन अहवाल केला आणि त्यातूनच हा कायदा आला.

आता वरच्या पाच श्रेणींतल्या ११६ क्लबांना परवाना लागेल. मालकाचा पैसा कुठून येतो ते तपासलं जाईल. नियामकाच्या मंजुरीशिवाय मैदान विकता येणार नाही. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर बहुतांश चाहत्यांचा पाठिंबा आहे हे आधी दाखवावं लागेल. कार्डिफ सिटीच्या मालकाने २०१२ मध्ये निळा क्लब लाल करून टाकला होता, तेव्हा असं काहीच नव्हतं.

तरी माझं समाधान झालेलं नाही. बोधचिन्ह आणि जर्सी सोडली तर कायद्याने चाहत्यांशी फक्त सल्लामसलत करायला सांगितलंय, मत दिलेलं नाही. अहवालात चाहत्यांना नकाराधिकार देणाऱ्या ‘गोल्डन शेअर’ची शिफारस होती, ती कायद्यात उतरली नाही. जर्मनीत ५०+१ च्या नियमाने मतांचं बहुमत सभासदांच्या हातात राहतं. पळवाटा तिथेही काढल्या जातात, पण पाया तरी बरोबर आहे.

आणि आपण? एफसी पुणे सिटी आठवतोय का कुणाला? २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये, बालेवाडीच्या मैदानावर खेळणारा, २०१७-१८ ला मार्सेलिन्हो आणि अल्फारोच्या जोरावर उपांत्य फेरी गाठणारा. नारंगी जर्सी घालून घसा बसेपर्यंत ओरडणारी ‘ऑरेंज आर्मी’ची पोरं होती ती. २०१९ मध्ये क्लब बंद पडला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली, आणि २०२५ मध्ये हैदराबादचा क्लबही उचलून दिल्लीला नेला. कुठल्याही स्टँडमधल्या एकाही माणसाला विचारलं नाही. त्याआधी २०१५ मध्ये पुणे एफसी गेला, त्याच्याही आधी मुंबईचा महिंद्रा युनायटेड. गोव्यात २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. धेंपो तर पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. ब्लॅकबर्नच्या माणसाला निदान अजून आपला क्लब आहे. आपल्याला शिव्या घालायलाही क्लब उरला नाही.

ऑगस्ट २०२५ पर्यंत मला आशा होती. त्या महिन्यात आलेल्या भारताच्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात खेळाडूंना महासंघांच्या कार्यकारिणीत स्थान मिळालं, ते उत्तमच झालं. तिकीट काढून येणाऱ्या माणसासाठी मात्र त्यात काहीच नाही. निदान एवढं तरी करा: क्लबचं शहर, नाव किंवा मालक बदलायचा असेल तर आधी सीझन तिकीटधारकांची जाहीर सुनावणी घ्या, क्लबचे हिशेब दरवर्षी लोकांपुढे मांडा, आणि हे पाहायला महासंघाबाहेरचा माणूस नेमा. पुण्यात पुन्हा संघ आणायची भाषा जो कुणी करेल, त्याच्याकडून पहिलं तिकीट घेण्याआधी मी हे लेखी मागणार आहे. तुम्हीही मागा.