ई-20 पेट्रोल: टाकीतलं पाणी नेमकं येतं कुठून?

पाऊस लागल्यापासून सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: ई-20 पेट्रोलमध्ये (म्हणजे वीस टक्के इथेनॉल, ऊस वगैरेंपासून बनवलेलं अल्कोहोल, मिसळलेल्या पेट्रोलमध्ये) पाणी मिसळलेलं असतं, उरलंसुरलं रात्रीत टाकीत तयार होतं, सहा महिन्यांत इंजिन आतून गंजतं, मायलेज निम्मं होतं आणि उसाची साखर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात, अडकते. सोबत एक व्हिडिओही आहे. उपाय म्हणून टाकी अर्धीच ठेवा आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) घाला, असंही सुचवलंय. मी मेकॅनिकल शिकवतो. घरी ऊसही आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कारखान्याची बाजू घेतोय का ते वाचणाऱ्यानं स्वतः तपासावं.

सुरुवात त्या व्हिडिओपासून. बाटलीत पेट्रोल, त्यात थोडं पाणी, हलवलं की खालचा थर वाढलेला दिसतो. "बघा, किती पाणी होतं!" वाढलेला तो भाग पाण्याचा नाहीच, तो इथेनॉल आहे. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, म्हणून ते पेट्रोल सोडून खाली उतरतं. 100 मिली ई-20 मध्ये 10 मिली पाणी घातलं तर खालचा थर 30 मिलीच्या आसपास भरतो. इथेनॉल किती मिसळलंय हे बघायची ही जुनीच साधी चाचणी. या व्हिडिओतून भेसळ सिद्ध होत नाही, पंपावर जे लिहिलंय तेच सिद्ध होतं.

आता रात्रीत पाणी होण्याचं. इथेनॉल हवेतली वाफ ओढतं, हे खरं. पण किती? 25 अंशाला पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे 23 ग्रॅम पाणी असतं. दहा लिटरच्या टाकीत दोन लिटर पेट्रोल असेल तर वर आठ लिटर हवा, म्हणजे पाणी जेमतेम 0.18 ग्रॅम. ई-10 पेट्रोलसुद्धा साधारण अर्धा टक्का पाणी विरघळवून घेतं, ई-20 त्याहून जास्त. म्हणजे दोन लिटरमधून पाणी वेगळं व्हायला निदान दहा मिली लागेल. टाकीतली सगळी हवा रोज बदलली आणि तिच्यातला थेंबन्‌थेंब पेट्रोलनं घेतला असं धरलं, तरी पन्नासेक दिवस जातात. एका रात्रीत पाणी दिसलं तर ते झाकणाच्या फाटलेल्या रबरातून आलंय, पुराच्या पाण्यातून आलंय किंवा पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून. तिथं भांडायचं तर पंपाशी भांडावं.

म्हणूनच टाकी अर्धी ठेवण्याचा सल्ला उलटा आहे. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवावी. वर हवाच कमी राहते.

इंजिन गंजण्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथं मेसेज खऱ्याच्या जवळून जातो आणि चुकीच्या जागी बोट ठेवतो. निव्वळ पेट्रोल जळलं तरी एका लिटरमागे साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. एक लिटर इथेनॉलमधून त्याहून थोडं कमीच. सिलिंडरला पाण्याची सवय पहिल्या दिवसापासूनची आहे. गरम इंजिन ते बाहेर टाकतं. किलोमीटरभर जाऊन गाडी बंद केली की ते सायलेन्सरमध्ये साचतं, आणि सायलेन्सर गंजतो तो त्यामुळे.

इथेनॉलचा खरा त्रास सिलिंडरच्या अलीकडे, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत आहे. जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग (सांध्यातल्या रबरी कड्या) फुगतात, मग चिरतात. कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित ओतकामावर पांढरी भुकटी धरते, पितळी जेटवर हिरवट थर येतो. पाणी वेगळं होऊन तळाला बसलं तर लोखंडी टाकी तिथूनच खायला लागते. माझी जुनी गाडी एक पावसाळा तळाशी पेट्रोल ठेवून उभी होती. दिवाळीत कार्बोरेटर उघडला तर बाऊलमध्ये, म्हणजे त्याच्या खालच्या वाटीत, हीच पांढरी भुकटी. इंजिन मात्र साफ होतं. नळी बदलली, जेट साफ केले, गाडी चालू झाली. ई-20 ला चालतील असे भाग घातलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या लाखो गाडीवाल्यांना बहुतेक पंपांवर दुसरा पर्याय ठेवला नाही, ही तक्रार मला रास्त वाटते. ती खोट्या व्हिडिओच्या आधारानं केली की तिचं वजन जातं, याचं वाईट वाटतं.

मायलेज घटतं, निम्मं होत नाही. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, तेव्हा निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई-20 मध्ये सुमारे सात टक्के कमी ऊर्जा भरते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के आणि दुचाकींसाठी तीन-चार टक्के घट धरलेली आहे. पन्नास देणारी गाडी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस देईल. पंचवीस देत असेल तर एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेक आधी बघा.

साखरेचं तर काहीच नाही. मळी आंबवताना साखरेचं इथेनॉल होतं, आणि आसवनीत वाफ होऊन वर जातं ते इथेनॉल. साखरेची वाफ होत नाही, उरलीसुरली खालीच राहते. शिवाय साखर पेट्रोलमध्ये विरघळतही नाही.

राहिलं टू-टी ऑइल. फोर-स्ट्रोक गाडीत ते घालू नका. ते इंधनाबरोबर जळतं, प्लगवर काजळी धरते, सायलेन्सरमधलं, धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतं, आणि तळाशी बसलेलं पाणी जागचं हलत नाही. त्यासाठी कार्बोरेटरच्या बाऊलखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, शेजारी विडी-काडी नको. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायची, आणि मगच नवं पेट्रोल.