‘ला बेल’वरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की टेक्सासच्या किनाऱ्यावरची सतराव्या शतकातली फ्रेंच वसाहत ला साल या फ्रेंच शोधक-प्रवाशाने वसवली आणि त्याच्याच हेकटपणाने ती बुडाली; मी मात्र लेखात त्याच्या ‘ला बेल’ या जहाजाला डोक्यावर घेतलं, आणि तिथले मूळ रहिवासी कारांकावा, त्यांना एका ओळीत गुंडाळलं.

दुसरा आक्षेप मान्य, चूक माझी आहे. फेब्रुवारी १६८५ मध्ये टेक्सासच्या मातागोर्दा उपसागराच्या तोंडाशी ला सालचं ‘एमाब्ल’ हे मालवाहू जहाज रुतून फुटलं. किनाऱ्याला लागलेला माल कारांकावांनी नेला. तो परत आणायला गेलेल्या फ्रेंचांनी त्यांच्या होड्या आणि कातडी उचलली, मग हल्ला झाला. वैर तिथून सुरू झालं. हे मूळ लेखात घालतो आहे.

पहिला आक्षेप मात्र पटत नाही. ला साल मिसिसिपी नदीचं मुख चुकून शेकडो मैल पश्चिमेला गेला, हे खरंच. पण १६८४ मध्ये ला रोशेलहून निघालेल्या चार जहाजांपैकी एक स्पॅनिश चाच्यांनी पकडलं, ‘एमाब्ल’ फुटलं, युद्धनौका ‘जोली’ फ्रान्सला परतली. उरलं जेमतेम ५४ फुटांचं ‘ला बेल’. गार्सितास ओढ्याकाठची ती वस्ती त्याच्या भरवशावर होती. १६८६ च्या सुरुवातीला उत्तरेच्या वाऱ्याने ते फरपटत नेऊन गाळात बसवलं, आणि समुद्राची वाट बंद झाली. मग ला साल मदतीसाठी पायी निघाला. मार्च १६८७ मध्ये वाटेत त्याच्याच माणसांनी त्याला मारलं.

आणि जहाज म्हणजे निव्वळ लाकूड नव्हे. १९९५ मध्ये ते सापडल्यावर भोवती पोलादी भिंत उभारून पाणी उपसलं, खाडीचा तळ उघडा केला. पोटात काचेचे लाखो मणी, पितळी अंगठ्या, कुऱ्हाडी निघाल्या. सगळा माल स्थानिकांशी देवघेव करायला आणलेला. म्हणजे तुम्ही ज्यांची आठवण काढलीत, ती माणसं या जहाजाच्या हिशेबात पहिल्यापासून होती.

नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या भागात, नांगराच्या दोराच्या वेटोळ्यावर, एका खलाशाचा सांगाडा पडलेला होता. जहाजावरचं पिण्याचं पाणी संपलं होतं. ला सालचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. या माणसाचं नक्की नाव कुणालाच सांगता येत नाही. २००४ मध्ये ऑस्टिनच्या राज्य स्मशानभूमीत त्याला पुरलं. लेख मी त्याच्यासाठी लिहिला होता.